डिस्क गोल्फ कॉलेजात रुजवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात डिस्क गोल्फची ओळख करून दिली होती. खेळ गोल्फच्याच धर्तीचा. काठी आणि चेंडूऐवजी हाताने फेकायची डिस्क, खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, पहिली फेक. डिस्क जिथे थांबेल तिथून पुढची. टीपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल. सगळे होल मिळून ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो जिंकला. त्यानंतर मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतून बरीच पत्रे आली. बहुतेकांचा सूर एकच होता : आमच्याकडे हे सुरू करायचे असेल तर नेमके काय करायचे? निवडक प्रश्न घेतले आहेत.

आमच्याकडे मुख्य मैदान चार एकरांचे आहे. त्यावर क्रिकेट, कबड्डी, खो-खो चालते. मागे दोन-अडीच एकर मुरमाड उतार पडून आहे. तिथे ९ होलचा कोर्स बसेल का?
*क्रीडा संचालक, उदगीर*

ओढूनताणून बसेलही, पण पहिल्या वर्षी बसवू नका. नवशिक्यांसाठी ४० ते ७० मीटरचे होल पुरतात. आजूबाजूची सुरक्षित जागा धरून प्रत्येक होलला अर्धा एकर तरी मोकळा लागतो. म्हणजे ९ होलांना साडेचार एकर, आणि तेही दुसरे काही चालू नसताना. अडीच एकरात ९ कोंबले की एका होलची डिस्क दुसऱ्या होलवरच्या मुलाच्या पाठीत बसते. डिस्क दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमची, कडेला टणक असते. वेगात असताना डोक्याला लागली तर टाके घालावे लागतात.

त्यापेक्षा तीन बास्केट घ्या आणि त्या उतारावर त्रिकोणात लावा. प्रत्येक बाजू ५५ ते ६० मीटरची ठेवा. प्रत्येक बास्केटच्या बाजूला, १० ते १५ मीटर हटून, पुढच्या होलची टी आखा. तीन होलांची एक फेरी होते. दुसऱ्या फेरीला टी १० मीटर मागे न्या, तिसऱ्या फेरीला बाजूला सरकवा. तीन बास्केटवर ९ होल झाले. चौघांचे तीन गट तीन टींवरून एकदमच सुरू करा आणि सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचे. १२ जणांचा राऊंड तासा-सव्वातासात आटोपतो. दिशा उलटवायची असेल तर सगळे थांबल्यावरच उलटवा.

आखणी करताना आधी कागदावर नकाशा काढा आणि त्यावर पायवाट, वसतिगृहाचा रस्ता, पार्किंग, शेजारच्या शेताचा बांध लाल रंगाने दाखवा. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे बॅकहँड, फेकलेली डिस्क शेवटी डावीकडे उतरते. नवख्याच्या हातून ती उशिरा सुटली तर थेट उजवीकडे जाते. म्हणून वर्दळीची जागा होलच्या मागे किंवा बाजूला तीस मीटरच्या आत येऊ देऊ नका. जिथे टीवरून बास्केटपर्यंतचा रस्ता दिसत नाही, तिथे होलच नको. झाडे तोडू नका. कडुनिंब, गिरिपुष्प, बोर यांच्यामधून जाणारा होल मोकळ्या मैदानावरच्या होलपेक्षा कितीतरी चांगला असतो. बाभळीखाली मात्र बास्केट नको. काटे चपलेतून आरपार जातात.

तुमचा उतार मुरमाड आहे हे भाग्य समजा. काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि जमीन फुगण्या-आकसण्याने खांब वर्ष-दीड वर्षात तिरका होतो. काळ्या मातीत खांब रोवायचाच असेल तर दोन फूट खोल खड्डा घेऊन तळाची माती काढा, मुरूम भरून धुम्मस करा आणि मग काँक्रीट टाका. उतारावर बास्केट लावताना भोवतालची चार-पाच मीटर जागा शक्य तितकी सपाट निवडा. तीव्र उतारावर चुकलेली डिस्क कडेवर उभी राहून गडगडत वीस-पंचवीस मीटर खाली जाते. अनुभवी खेळाडूला ते आव्हान वाटते, नवखा मात्र वैतागून खेळ सोडतो.

टीसाठी पहिल्या वर्षी चुन्याची रेघ आणि दाबलेला मुरूम पुरे. पुढे पक्की करायची तर दीड मीटर रुंद आणि किमान तीन मीटर लांब काँक्रीट घाला, वरचा थर झाडूने खरखरीत करा. गुळगुळीत कोब्यावर दव पडले की धावत येणारा पाय सटकतो.

आम्ही १५-१६ जण तयार आहोत. पैसे थोडेच आहेत. कुठल्या डिस्क आणि किती घ्याव्यात? घरी असलेली फ्रिस्बी चालेल का?
*विद्यार्थिनी, अंबाजोगाई*

पहिल्या आठवड्यात फ्रिस्बी चालेल, पुढे नाही. अल्टिमेट या फ्रिस्बीच्या सांघिक खेळाची डिस्क १७५ ग्रॅमची आणि २७ सेंटिमीटर व्यासाची असते. ती तरंगण्यासाठी आणि झेलण्यासाठी केलेली आहे. डिस्क गोल्फची डिस्क साधारण २१-२२ सेंटिमीटरची, कडेला जाड आणि धारदार असते. ती झेलायची नसते. दोन्हींची सवय वेगळी लागते.

डिस्कचे ढोबळ प्रकार तीन : जवळून बास्केटमध्ये टाकायचा पटर, मधल्या पल्ल्याची मिडरेंज आणि लांब जाणारा ड्रायव्हर. बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, म्हणजे ती डिस्क नीट उडायला किती जोर लागतो त्याचा. दुसरा तरंगण्याचा. तिसरा सुरुवातीला उजवीकडे वळण्याचा, तो बहुधा उणे असतो. चौथा शेवटी डावीकडे पडण्याचा. पटरचा वेग साधारण १ ते ३, मिडरेंजचा ४-५, जवळच्या ड्रायव्हरचा ६ ते ९ आणि लांबच्या ड्रायव्हरचा १० ते १४.

सोळा जणांसाठी १६ पटर, १२ मिडरेंज आणि वेग ७ च्या आसपासचे चार ड्रायव्हर घ्या. लांबचे ड्रायव्हर पहिल्या वर्षी एकही नको. दुकानदार तेच पुढे करतो, कारण ते दिसायला भारी असतात. वजन १५० ते १६५ ग्रॅम ठेवा. हलकी डिस्क कमी जोरातही उडते. पटर सगळे एकाच साच्याचे असावेत. सरावाला एकाच जातीच्या दहा डिस्क मिळाल्या तरच हात बसतो. दर फेकीला वेगळी डिस्क हाती आली तर चूक हाताची की डिस्कची हे कळत नाही.

रंग केशरी, गुलाबी किंवा ठळक निळा घ्या. हिरवी, पिवळी आणि पारदर्शक डिस्क पावसाळ्यानंतरच्या गवतात सापडत नाही. प्लास्टिकचे दोन दर्जे असतात. साधे प्लास्टिक स्वस्त असते, हाताला छान धरते, पण दगडावर आपटून कडा लवकर फाटतात. महागडे प्लास्टिक टिकते, पण घामेजल्या हातातून सुटते. पटर साधे आणि ड्रायव्हर टिकाऊ घेणे हा मध्यम मार्ग. आतल्या बाजूला पक्क्या मार्करने क्रमांक घाला आणि जिमखान्यात डिस्कची नोंदवही ठेवा : क्रमांक, कोणी नेली, कधी परत आली. ही वही नसेल तर सहा महिन्यांत अर्धी पेटी रिकामी होते.

आमच्या आयटीआयच्या वेल्डिंग विभागात बास्केट करता येईल का? मापे द्या.
*निदेशक, वसमत*

नक्की करता येईल. साखळीची बास्केट अमेरिकेत एड हेड्रिक यांनी १९७० च्या दशकात घडवली. त्याआधी झाडे आणि खांब हीच लक्ष्ये असत, त्यामुळे तुमची पहिली बास्केट होईपर्यंत रंगवलेल्या खांबावर खेळायलाही हरकत नाही. सरावापुरत्या बास्केटची मापे अशी :

खांबाला दीड इंची जीआय पाईप. पायथ्याला फिरती बास्केट हवी असेल तर ६०-७० सेंटिमीटर व्यासाची जड लोखंडी चकती किंवा भरलेला टायर. कायमची हवी असेल तर खाली सांगितल्याप्रमाणे बाही. ट्रेची वरची कड जमिनीपासून ८२ सेंटिमीटरवर. हे माप पाळाच, कारण जवळच्या फेकीचा सगळा अंदाज त्यावर बसतो. ट्रेचा व्यास ६५ आणि खोली १८ ते २० सेंटिमीटर. रिंगांना ८ मिलिमीटरची सळई घ्या. ६५ च्या व्यासाला एक रिंग सव्वादोन मीटरच्या आत बसते. वर, मध्ये आणि खाली अशा तीन रिंगा, त्यांना ६ मिलिमीटरच्या २४ उभ्या सळया. मधली रिंग गाळू नका. ती नसेल तर डिस्क उभी होऊन दोन सळयांमधून बाहेर निसटते. तळालाही खांबापासून कडेपर्यंत नुसत्या आडव्या सळया सोडल्या तर तेच होते. तिथे मध्यावर एक लहान रिंग जोडा किंवा जाळी टाका.

वर १३२ सेंटिमीटरच्या आसपास, ५४ सेंटिमीटर व्यासाची साखळीची रिंग. तिच्यापासून बाहेरच्या १२ साखळ्या लोंबवून खाली, ट्रेच्या कडेच्या किंचित खालच्या पातळीवर, खांबाला जोडा. आत ३० सेंटिमीटरच्या दुसऱ्या रिंगवरून ६ साखळ्या, बाहेरच्या साखळ्यांच्या फटींसमोर येतील अशा. बाहेरची साखळी ६८ आणि आतली ६२ सेंटिमीटर कापा. एका बास्केटला मिळून १२ मीटर लागते, दुकानातून १३ मीटर आणा. जस्त चढवलेली, ४ मिलिमीटर जाडीची साधी कडीसाखळी चालते.

बिघडते ते साखळीतच. वेल्डर सवयीने साखळ्या ताणून बसवतो, कारण ढिली साखळी त्याला अर्धवट काम वाटते. ताणलेल्या साखळीवर डिस्क आपटून परत उडते. ती थोडी झोळ घेऊन लोंबली पाहिजे, म्हणजे डिस्कचा वेग साखळी गिळते आणि डिस्क खाली ट्रेत पडते. फार जाड साखळीही तसाच धक्का मागे देते. फार बारीक असेल तर डिस्क तिला बाजूला सारून आरपार निघून जाते. पहिली बास्केट झाली की पाच मीटरवरून मध्यावर, डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी वीस फेकी मारून पाहा. मधल्या फेकी उडून परत येत असतील तर साखळी दोन कड्यांनी लांब करा. बाजूच्या आरपार जात असतील तर आतल्या साखळ्या फटींसमोर नाहीत. हे तपासल्यावरच बाकीच्या करा, सगळ्या एकदम नाही.

सळईची टोके घासून बोथट करा. वेल्डच्या खपल्या काढा. त्यांनी डिस्क चिरतात आणि डिस्क उचलताना बोटेही कापतात. रेड ऑक्साइडचा हात देऊन वर पिवळा किंवा पांढरा रंग.

कायमच्या बास्केटसाठी काँक्रीटमध्ये खांब थेट गाडू नका. खांब सैल बसेल अशी दोन इंची पाईपची ४५ सेंटिमीटरची बाही गाडा, तिच्यात खांब उतरवा आणि आडवा खिळा घालून कुलूप लावा. सुट्टीत बास्केट काढून आत ठेवता येते, भंगारवाल्याच्या हाती लागत नाही. बाहीला झाकण हवे, नाहीतर चिखलाने भरते आणि पाय अडकतो. या बास्केट सरावाला आणि आपसातल्या सामन्यांना उत्तम आहेत. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेची स्पर्धा भरवायची झाल्यास त्यांच्या मंजूर यादीतली बास्केट लागेल.

मी वेग १३ चा ड्रायव्हर मागवला. कितीही जोर लावला तरी ४० मीटरवर डावीकडे मातीत जातो. मित्राचा पटर माझ्यापुढे जातो. डिस्क सदोष आहे का?
*विद्यार्थी, जालना*

डिस्क चांगली आहे, ती तुमच्यासाठी नाही. उजव्या हाताच्या बॅकहँडने डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. पुरेसा वेग असेल तोवर ती सरळ जाते किंवा थोडी उजवीकडे झुकते. वेग कमी झाला की हवेचा दाब तिच्या पुढच्या भागावर जास्त येतो आणि फिरण्यामुळे तो दाब तिला डावीकडे कलवतो. मंदावलेल्या भोवऱ्यासारखेच. रुंद कडेच्या ड्रायव्हरला सरळ राहायला लागणारा वेग तुमच्या हातातून अजून निघत नाही, म्हणून ती सुटल्यासुटल्याच शेवटच्या अवस्थेत जाते. पटरला तेवढा वेग लागत नाही.

दुसरे कारण डिस्कचे नाक. सोडताना पुढची कड वर असेल तर डिस्क चढते, थबकते आणि डावीकडे पडते. मनगट खाली झुकलेले ठेवा, चावीने कुलूप उघडताना असते तसे, आणि डिस्क छातीच्या उंचीवरून सरळ रेषेत ओढा. बहुतेकजण ती शरीराभोवती अर्धवर्तुळात फिरवतात, मग ती कुठे सुटेल याचा भरवसा राहत नाही. धाव न घेता, एका जागी उभे राहून, मिडरेंजने ५० मीटर सरळ जाईपर्यंत ड्रायव्हर पेटीतच ठेवा. जोर हाताने आधी लावू नका. आधी पुढचा पाय टेकतो, मग कंबर फिरते, मग खांदा आणि शेवटी हात. उलट क्रम झाला तर अंतर मिळत नाही आणि कोपर दुखू लागते. एका दिवसात पूर्ण जोराच्या पन्नास-साठ फेकींवर जाऊ नका.

वाऱ्याचेही भान ठेवा. जून-जुलैत आपल्याकडे पश्चिमेचा जोरदार वारा असतो. समोरून वारा आला तर डिस्कला तो जादा वेगासारखा लागतो आणि ती उजवीकडे जास्त झुकते. मागून आला तर लवकर डावीकडे पडते. समोरच्या वाऱ्यात खाली आणि सपाट फेका.

विद्यापीठाचा संघ होण्यासाठी काय करावे लागेल? मुलांना क्रीडा गुण मिळतील का?
*प्राध्यापक, तुळजापूर*

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा : महाविद्यालयातला क्लब आणि विद्यापीठाचा अधिकृत संघ. क्लब प्राचार्यांच्या मंजुरीने या सत्रातही सुरू होतो. अधिकृत संघासाठी खेळ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन यादीत असावा लागतो, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी भारतीय विद्यापीठ संघाच्या म्हणजे एआययूच्या वार्षिक कार्यक्रमात. तुमचे महाविद्यालय धाराशिव जिल्ह्यातले, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे जायचे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीकरांनी स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. वर्षाच्या सुरुवातीला निघणारे परिपत्रक पाहा. त्यात खेळ नसेल तर क्रीडा गुण मिळतील किंवा सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणात प्रमाणपत्र चालेल, असे विद्यार्थ्यांना चुकूनही सांगू नका. पैसे घेऊन "राष्ट्रीय" प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून त्यांना आवर्जून वाचवा. कुठल्याही नव्या खेळात अशी मंडळी लगेच उगवतात आणि त्यात गरीब घरच्या मुलांचे पैसे जातात.

प्राचार्यांना द्यायचा अर्ज एक पानाचा ठेवा. इच्छुक विद्यार्थ्यांची नावे आणि वर्ग, जबाबदार प्राध्यापक, मैदानाचे दिवस आणि तास, साहित्याची संख्या आणि सुरक्षिततेचा नकाशा. प्राचार्यांचा पहिला प्रश्न "कोणाला लागले तर?" हाच असणार. म्हणून नकाशा जोडा आणि नियम लिहा : पुढचा गट बास्केटवरून हटल्याशिवाय फेक नाही, डिस्क माणसाकडे चालली तर मोठ्याने हाक, प्रथमोपचाराची पेटी मैदानावर. खर्च जिमखाना निधीतून मागा आणि बास्केटचे काम आयटीआयकडे किंवा अभियांत्रिकीच्या कार्यशाळेकडे द्या. पदवीच्या नव्या रचनेत सीसी म्हणजे सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत क्रीडा व तंदुरुस्ती येते. तुमच्या महाविद्यालयाने त्यात हा खेळ शिकवायला घेतला तर तासिका आणि मैदान दोन्ही हक्काचे मिळतात. आमच्या मते वेगळ्या मान्यतेमागे धावण्यापेक्षा हा रस्ता जवळचा आहे.

विद्यापीठाकडे प्रस्ताव न्यायचा तो एकट्याने नाही. शेजारच्या चार-पाच महाविद्यालयांत क्लब चालू असावेत, त्यांच्यात एक वर्ष सामने झालेले असावेत आणि गुणपत्रके जपून ठेवलेली असावीत. सोबत खेळाच्या रचनेची माहिती द्या : नियम ठरवणारी पीडीजीए १९७६ पासून आहे, आणि फ्लाइंग डिस्कच्या खेळांच्या जागतिक महासंघाला, ज्याच्या कक्षेत डिस्क गोल्फही येतो, २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली आहे. खेळ ऑलिंपिकमध्ये आहे असे मात्र लिहू नका. महासंघाला मान्यता असणे वेगळे आणि स्पर्धेत खेळ असणे वेगळे.

संघ किती जणांचा असावा? निवड आणि सराव कसा करायचा?
*क्लबचा कर्णधार, नांदेड*

चौघांचा, दोन राखीव. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन स्पर्धांतही चौघांचेच संघ असतात, आणि एका जीपमध्ये सहाजण मावतात.

निवड एका दिवसाच्या चाचणीने करू नका. त्या दिवशी वारा कसा, कोण आजारी, यावर निकाल फिरतो. दर आठवड्याला एक ठरलेला राऊंड ठेवा. वार आणि वेळ बदलायची नाही, टी त्याच, आणि प्रत्येकाच्या फेकी वहीत. शेवटच्या सहा राऊंडांपैकी सर्वांत वाईट एक सोडून पाचांची सरासरी काढा आणि पहिले चार घ्या. ही वहीच क्लबचा कणा आहे. जिथे नुसते "या रे संध्याकाळी, फेकू थोडे" असे चालते, तिथे दिवाळीच्या सुट्टीनंतर चारजणही उरत नाहीत. जिथे गेल्या आठवड्याचा आकडा भिंतीवर लावलेला असतो, तिथे मुले तो आकडा मोडायला येतात.

सरावाचा अर्धा वेळ दहा मीटरच्या आत घालवा. ५५ मीटरच्या होलवर नवखा पहिल्या फेकीत ४० मीटर जातो, दुसरीत बास्केटपासून सहा मीटरवर येतो, तिसरी चुकवतो आणि चौथीत टाकतो. पहिली फेक १० मीटर लांब गेली तरी त्याच्या चारच राहतात, कारण दुसरी फेक तरीही जवळ आणायचीच असते. सहा मीटरवरची बसली तर लगेच तीन. ३, ५ आणि ७ मीटरवरून प्रत्येकी दहा फेकी, किती बसल्या ते वहीत. ३ मीटरवर दहापैकी नऊ बसेपर्यंत ७ चे अंतर वाढवू नका. मग २५ ते ४० मीटरवरून बास्केटजवळ ठेवण्याचा सराव, आणि लांब फेकी शेवटी.

दोन महाविद्यालयांच्या सामन्यासाठी सोपी रचना : चार एकेरी आणि दोन दुहेरी. एकेरीत प्रत्येक होल जिंकण्यावर मोजा. जास्त होल जिंकेल त्याला एक गुण. दुहेरीत दोघांची एकच डिस्क, आळीपाळीने फेकायची. एकूण सहा गुण. तीन-तीन बरोबरी झाली तर चौघांनी पाच मीटरवरून प्रत्येकी पाच फेकी. अर्ध्या दिवसात सामना संपतो, मुले संध्याकाळच्या एसटीने घरी पोहोचतात.

आणि कर्णधार तिसऱ्या वर्षाचा असेल तर उपकर्णधार पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचाच नेमा. नोंदवही, साहित्याच्या किल्ल्या, शेजारच्या महाविद्यालयांचे संपर्क हे सगळे त्याच्याकडे जानेवारीतच द्या. मार्चमध्ये परीक्षा लागतात, मग कोणी कोणाला भेटत नाही.

मुलींचा वेगळा संघ करायचा का?
*विद्यार्थिनी, परभणी*

सुरुवातीला मिश्र संघ करा : दोन मुली, दोन मुले, दुहेरीत एकेक. मुलींसाठी टी पुढे आणण्यापेक्षा सगळ्या नवशिक्यांसाठी पुढची टी ठेवा आणि सरासरीनुसार मागे न्या. खेळाच्या जागतिक स्पर्धांत महिलांचा स्वतंत्र गट आहेच. एस्टोनियाच्या क्रिस्टिन टाटारने २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे महिलांचे जगज्जेतेपद मिळवले. मुली संख्येने आठ-दहा झाल्या की स्वतंत्र संघ आपोआप उभा राहील. सकाळच्या सरावाची वेळ मात्र मुलींना विचारून ठरवा. खेड्यातून पहिल्या बसने येणारी मुलगी साडेसहाला पोहोचू शकत नाही आणि तिची गैरहजेरी मग "मुलींना आवड नाही" अशी लिहिली जाते.

पावसाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये काय करायचे?
*क्रीडा शिक्षक, कंधार*

पावसाळ्यात काळ्या जमिनीवर धावून फेकू नका. पाय चिखलात रुतलेला राहतो आणि गुडघा फिरतो. मुरमाड जागा असेल तर उभ्याने फेका, नाहीतर व्हरांड्यात बास्केट आणून जवळच्या फेकींचा सराव. प्रत्येकाच्या कमरेला कोरडा पंचा हवा. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ, त्यापुढे नाही. डिस्क पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका, तापून वाकतात. वाकलेली डिस्क गरम, पण न उकळत्या, पाण्यात काही मिनिटे ठेवून सपाट फरशीवर हाताने सरळ करा आणि गार होईपर्यंत तशीच असू द्या. सामन्यांचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुसळी आणि गाजरगवत वाढलेले असते. प्रत्येक होलवर एकाला पुढे, बाजूला सुरक्षित उभे करून डिस्क कुठे पडते ते पाहायला लावा. गवतात हात घालण्याआधी काठीने आपटा. फुरसे दगडाच्या आडोशाला असते आणि हलत नाही. साप चावलाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. तो हात किंवा पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

दोन नियम सांगा. डिस्क बाभळीत अडकली तर? आणि शेजारच्या हरभऱ्यात गेली तर?
*विद्यार्थी, अंबड*

झाडात अडकली तर तिच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करून तिथून खेळायचे, दंड नाही. दोन मीटरपेक्षा उंच अडकलेल्या डिस्कला एक फेक दंड हा नियम आयोजकाने आधी जाहीर केला असेल तरच लागतो. उभे राहताना आधाराचा पाय खुणेच्या मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब जागेत असावा, आणि बास्केटपासून दहा मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून उभे राहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. काढायला झाडावर चढू नका. लांब वेळूला आकडा बांधून क्लबच्या पेटीत ठेवा.

शेत हद्दीबाहेर धरा. हद्दीबाहेरची डिस्क म्हणजे एक फेक दंड. पुढची फेक आधीच्या जागेवरून किंवा डिस्कने हद्द ओलांडली तिथून एक मीटर आत. डिस्क तीन मिनिटे शोधून सापडली नाही तर ती हरवली समजायची : एक फेक दंड आणि पुन्हा आधीच्या जागेवरून. हरभऱ्यातली डिस्क शोधायला सगळ्यांनी शिरू नका. पीक तुडवले तर मैदान जाते. हंगाम सुरू होण्याआधी क्लबच्या दोघांनी त्या शेतकऱ्याला भेटावे, डिस्क दाखवावी आणि एकच माणूस सरीतून चालत जाऊन ती आणेल असे ठरवून घ्यावे. पीक उभे असताना त्या बाजूचा होल बंद ठेवता आला तर त्याहून बरे.